एका कार्डावर दोघी

दुष्काळाच्या साली, एकोणीसशे त्र्याहत्तरच्या वैशाखात, चिमणाबाई चौगले हिनं आपल्या दोन्ही लेकांची लग्नं एकाच मांडवात उरकली. गगनबावड्याच्या अलीकडच्या एका वाडीतल्या दोन सख्ख्या बहिणी दोघा सख्ख्या भावांना आणल्या. थोरली शालू आकारामला, धाकटी ताना पिराजीला. धान्य मिळत नव्हतं, म्हणून जेवणावळ एकच, भटजी एक, वाजंत्री एक. लुगडीसुद्धा एकाच दुकानातून जोडीनं घेतली. हिरवी इरकली, लाल काठाची, दोन्ही अगदी एकसारखी. दुकानदारानं जोडीमागं दोन रुपये सोडले, ते चिमणाबाई पुढं वर्षभर येईल त्याला सांगत होती.

बहिणींचा तोंडावळा एकच. ताना बोटभर उंच आणि अंगानं बारीक, शालू जरा भरलेली, एवढाच काय तो फरक. पदर डोक्यावरून पुढं ओढला की गल्लीतल्या बायकाही फसायच्या. "शालू का ताना गं तू?" असं विचारल्याशिवाय कुणी बोलायला सुरुवात करत नसे.

कोल्हापुरात शाहूपुरीच्या पाठीमागच्या गल्लीत त्यांच्या दोन खोल्या होत्या. बाहेरची पुरुषांची, आतली बायकांची आणि चुलीची. आकाराम सूतगिरणीत कायम झालेला होता. पगारातून दर महिन्याला विम्याचे पैसे कापून जात आणि त्याच्या बदल्यात घरात एक जाड कागदाचं कार्ड होतं. त्यावर त्याचं नाव, खाली बायकोचं, त्याच्याखाली आईचं. ते दाखवलं की विम्याच्या दवाखान्यात डॉक्टर फुकट, गोळ्या फुकट, इंजेक्शन फुकट. पिराजी फौंड्रीत साचे भरायचा. तिथं मालकानं एकोणीसच माणसं हजेरीपटावर ठेवलेली. विसावा माणूस नोंदला की विम्याचा कायदा लागतो. पिराजी विसाव्याच्या पुढचा. रोजाचे साडेचार रुपये, दर शनिवारी हातावर, आणि विम्याचा इन्स्पेक्टर फौंड्री बघायला आला की मागच्या दारानं बाहेर.

चौऱ्याहत्तरच्या दसऱ्यापर्यंत दोघींना दिवस गेल्याचं पक्कं झालं. दोघींत तीन आठवड्यांचा फरक. चिमणाबाईनं दोघींची एकदमच दृष्ट काढली.

पहिल्या बाळंतपणाला माहेरी जायचं, पण माहेरी त्यांची आई उरली नव्हती. बापाचा हात लकव्यानं गेलेला. म्हणून बाळंतपणं कोल्हापुरातच करायची ठरली. आकारामनं शालूचं नाव विम्याच्या दवाखान्यात घातलं. पहिल्याच सोमवारी तिला तपासलं, वजन केलं, दंडाला पट्टा बांधून रक्तदाब बघितला, धनुर्वाताची सुई दिली आणि लाल गोळ्यांची पुडी हातात ठेवली. कुठं पैसा पडला नाही.

दुसऱ्या दिवशी पिराजी तानाला शाहूपुरीतल्या डॉक्टरीणबाईंकडं घेऊन गेला. एकदा तपासायचे पाच रुपये, लघवी-रक्ताचे सात, ताकदीच्या औषधाची बाटली नऊ रुपये. शिवाय बाळंतपणाचे दीडशे, आणि नाव घालायला त्यातले पन्नास आधी. पिराजी पाच रुपये देऊन परत आला. बाटली घेतली नाही.

"थोरल्या सरकारी दवाखान्यात न्हेतो की," तो म्हणाला.

"माझा माणूस न्हेला हुता तिथं," चिमणाबाई म्हणाली. "चालत गेलता आनि खांद्यावरनं आला. माझी सून न्हाई जायाची."

मग तीच म्हणाली, "शालीच्या कार्डावर कुठं फोटू हाय का?"

आकाराम म्हणाला, "न्हाई."

"मग एक म्हयना शाली, एक म्हयना तानी. बया एकसारक्या, लुगडी एकसारकी. कोन बघतंय हितं?"

गिरणीत एकानं आपलं कार्ड मेव्हण्याला दिलं होतं, ते पकडलं गेलं आणि त्या माणसाला कामावरून कमी केलं होतं, हे आकारामला ठाऊक होतं. पण समोर धाकटा भाऊ मान खाली घालून बसला होता. "जपून करा म्हंजे झालं," एवढंच तो म्हणाला.

शालूला त्यात काही वावगं वाटलं नाही. उलट बरं वाटलं. लहानपणी एका ताटात दोघी जेवलेल्या, एका वाकळेत झोपलेल्या. गोळ्यांची पुडी आली की ती चुलीपुढं ओतायची आणि एक तुला, एक मला, अशी वाटायची. डॉक्टरांनी रोज दोन सांगितलेल्या, दोघींच्या वाट्याला एकेक यायची.

कार्तिकातल्या सोमवारी तानाची पाळी आली. आदल्या दिवशी शालूनं तिची तालीम घेतली.

"शालूबाई आकाराम चौगले!" ती नर्सबाईसारखा आवाज काढून ओरडली.

ताना जागची हलली नाही. लसूण सोलत राहिली.

"अगं ए, तुलाच हाक मारत्यात!"

"मला कुटं? तुला मारत्यात."

"उद्या तूच शालू की गं येडे!"

ताना इतकी हसली की लसूण सांडला. "आक्का, मग दाजी माझं नवरं झालं काय गं उद्यापुरतं?"

"झालं तर झालं. धोतार धू त्येंचं."

आतल्या खोलीत दोघी पोट धरून हसल्या आणि बाहेरून चिमणाबाई ओरडली, "दोन जिवाच्या बया तुमी, दात काडाय काय झालं?"

दवाखान्यात व्हायचं तेच झालं. नर्सबाईनं तीनदा हाक मारली तेव्हा ताना उठली. काट्यावर उभी राहिली तर वजन मागच्यापेक्षा चार किलो कमी. नर्सबाई कार्डाकडं बघत राहिली.

"काय गं, उपास करतीस का?"

"न्हाई बाई."

"मग हा काटाच बिघडलाय. किती दिवस झालं सांगतीया मी, काटा बदला म्हणून." तिनं काट्याला एक चापट मारली आणि लिहून घेतलं. बाकावर पन्नास बायका बसलेल्या. डॉक्टर एकटे. त्यांनी कार्ड बघितलं, पोट बघितलं, पुढची हाक मारली.

पुढच्या खेपेला शालू गेली तेव्हा वजन सात किलोंनी वाढलं. नर्सबाईनं काट्याला पुन्हा चापट मारली. घरी त्याच्यावरून आठ दिवस हसणं चाललं होतं.

संक्रांत झाली. तानाच्या हातात चुडा अडकायला लागला. पायावर बोट दाबलं की खळगा पडायचा आणि तसाच राहायचा. चिमणाबाई म्हणाली, "पोरगा हाय, पोरग्याला येती सूज." शालूच्या पायावर काही नव्हतं. तिनं आपल्या पायावर बोट दाबून बघितलं, मग तानाच्या. तिला ते आवडलं नाही. पण सासूपुढं काय बोलणार.

फेब्रुवारीच्या तीन तारखेला, सोमवारी, तानाची पाळी होती. त्या दिवशी नर्सबाईनं दंडाचा पट्टा एकदा फुगवला, सोडला, पुन्हा फुगवला. मग डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी स्वतः बघितलं. लघवी काचेच्या नळीत घालून दिव्यावर धरली तर ती दह्यासारखी साकळली. त्यांनी कार्डावर लाल शाईनं लिहिलं आणि त्याभोवती गोल काढला.

"मीठ बंद," ते म्हणाले. "डाव्या कुशीवर पडून राहायचं. या गोळ्या घ्यायच्या. पुढच्या सोमवारी यायचं म्हणजे यायचंच. असंच राहिलं तर मी तुला इस्पितळात ठेवणार, मूल होईपर्यंत. कळलं का शालूबाई?"

"व्हय जी," ताना म्हणाली.

घरी येऊन तिनं ते सगळं जसंच्या तसं सांगितलं. लाल गोल चौघांनी आळीपाळीनं बघितला. वाचता एकट्या आकारामलाच यायचं, तेही अक्षर जुळवून, आणि ते डॉक्टरांचं लिहिणं त्यालाही लागलं नाही. पण लाल शाई सगळ्यांना कळली.

त्या आठवड्यात तानाला घरानं फुलासारखी ठेवली. शालू एकटीच भाकऱ्या थापायची. ताना अळणी आमटी नाक धरून गिळायची. सूज मात्र उतरली नाही.

रविवारी चिमणाबाईनं विषय काढला.

"उद्या तानीला ठिवून घेत्यात म्हन."

"ठिवू देत की," शालू म्हणाली. "बरी हुईल."

"कुनाच्या नावानं ठिवत्याल? तुझ्या. म्हयना-दीड म्हयना ती तुझ्या नावानं तितं, आनि हितं तुझ्या पोटात दुकाय लागलं मंजे तू कुनाच्या नावानं जाशील?"

हा विचार कुणाच्याच डोक्यात आला नव्हता. कार्ड एक, नाव एक, खाट एक. आकाराम खोलीच्या दारात उभा होता. तो म्हणाला, "गिरनीचं लोक आजारी मानसाला बघाय इस्पितळात जात्यात. गनपतराव जॉबर, आमच्या खात्याचा मुकादम, शालूला वळखतो. हळदी-कुकवाला आलता की त्येच्या बायकूला घिऊन." मग आवाज उतरवून म्हणाला, "माझं काम गेलं तर सगळ्यास्नीच फुटपाथ."

पिराजी उठून बाहेर गेला.

तेव्हा तानाच म्हणाली, "आक्का, उद्या तूच जा की."

"आनि मी जाऊन काय करू? माझं सगळं बरं हाय."

"त्येच की. तुझं बरं हाय तर कार्डावर बरं लिवत्याल. मला ठिवून घ्यायचं न्हाई. मी हितंच पडून ऱ्हाते. अळनी खाते. मला तितं एकलीला न्हाई ऱ्हायचं आक्का. शालूबाई शालूबाई करत्यात समदी. मला कदी कदी वाटतंय मी हायच न्हाई."

शालूनं सासूकडं बघितलं, नवऱ्याकडं बघितलं. सगळ्यांचे डोळे तिच्यावर होते. ती हो म्हणाली.

सोमवारी, दहा तारखेला, शालूनं हिरवं इरकल नेसून आपला दंड नर्सबाईपुढं धरला. पट्टा फुगला, सुटला. नर्सबाईच्या तोंडावर हसू आलं. डॉक्टरांनी स्वतः येऊन पुन्हा बघितलं. लघवी दिव्यावर धरली, ती पाण्यासारखी राहिली. पायावर बोट दाबलं, खळगा पडला नाही.

"शाबास," डॉक्टर म्हणाले. "ऐकलंस म्हणून उतरलं. सगळ्या बायका अशा ऐकतील तर मला काम उरायचं नाही." त्यांनी लाल गोलावर निळ्या शाईची आडवी रेघ मारली. "आता थोडं मीठ चालेल. पंधरा दिवसांनी ये."

डॉक्टरसाहेब, हा दंड दुसऱ्या बाईचा हाय, एवढंच शालूला म्हणायचं होतं. मागच्या बाईनं तिला कोपरानं ढकललं. ती उठली.

गल्लीत शिरताना तिनं ठरवलं होतं, घरी सांगायचं की याला काही अर्थ नाही. पण उंबऱ्यातच चिमणाबाईनं विचारलं, "काय म्हनलं?" आणि तिच्या तोंडातून गेलं, "उतरलं म्हनलं."

"उतरलं!" चिमणाबाईनं हात जोडले. "आई अंबाबाई, उतरलं गं माझ्या तानीचं!"

आणि ताना उठून बसली. तिच्या सुजलेल्या तोंडावर असा उजेड आला की शालूला पुढचं बोलवेना. आकारामनं कार्ड हातात घेऊन निळी रेघ बघितली आणि मोकळा श्वास सोडला. ज्याला त्याला ठाऊक होतं की दवाखान्यात कोण गेलं होतं. तरीही त्या रात्रीच्या जेवणात चिमणाबाईनं तानाच्या आमटीत चिमूटभर मीठ टाकलं, आणि कुणी हात धरला नाही. कार्डावर उतरलं होतं. शालूनंही धरला नाही. ते चिमूटभर मीठ ती पुढं आयुष्यभर बघत राहिली.

शनिवारी पिराजी पगार घेऊन आला. रविवारी सकाळी त्यानं तानाला हळूच एक कागदाची चिठ्ठी दाखवली. गेले चार महिने तो दर शनिवारी डॉक्टरीणबाईंच्या कंपाउंडरकडं तीन रुपये, कधी चार, ठेवत आला होता. घरात कुणाला पत्ता नव्हता. काल पन्नास पुरे झाले आणि नाव घातलं. तानाबाई पिराजी चौगले. तिच्या स्वतःच्या नावानं.

"गुरवारी या म्हनल्या बाई," तो म्हणाला. "आता तुला कुनाचं नाव घ्याय नगं."

ती चिठ्ठी तानानं शालूला दाखवली. वाचता दोघींनाही येत नव्हतं, पण तानानं बोट ठेवून सांगितलं, "ह्ये माजं नाव हाय बग." मग कपाळ चोळत म्हणाली, "डोकं लई दुकतंय आक्का. डोळ्यापुडं काजवं चमकत्यात. पर सांगू नगंस कुनाला. गुरवारी बाई बगतीलच की."

शालूनं सुंठ उगाळून लावली. कुणाला सांगितलं नाही.

सोमवारी, सतरा तारखेला, दुपारी भाकरीचा तवा उतरवताना शालूला मागं भांडं पडल्याचा आवाज आला. वळून बघते तर ताना भिंतीपाशी पडलेली. डोळे वर गेलेले, दात बसलेले, सगळं अंग ताठ होऊन झटके देत होतं. चिमणाबाईनं तिच्या तोंडात चमच्याची दांडी घातली. गल्लीतल्या बायका धावल्या. कुणी कांदा फोडला, कुणी चप्पल हुंगवायला आणली. टांग्यात घालेपर्यंत दुसरा झटका आला.

टांग्यात बसताना चिमणाबाई थांबली, मागं फिरली, फळीवरचं कार्ड घेऊन आली. डॉक्टरीणबाईंची चिठ्ठी उशीखाली होती. पण तिथं न्यायचं तर शंभर रुपये आणखी आणि आताच्या आता. कार्डावर विम्याच्या इस्पितळात खाट फुकट होती. चिमणाबाईनं टांगेवाल्याला इस्पितळाचं नाव सांगितलं. गल्लीतल्या एका पोराला गिरणीत आणि फौंड्रीत धाडलं.

इस्पितळातल्या तरण्या डॉक्टरांनी कार्ड उलटं-सुलटं करून बघितलं. "तीन तारखेला वाढलेलं, दहाला अगदी ठीक. मग हे मध्येच काय झालं? हिला लहानपणापासून फेफरं येतं का?"

शालू पदर पोटावरून ओढून खाटेच्या पायथ्याशी उभी होती. चिमणाबाईनं तिचं मनगट धरलं होतं, बांगड्या रुतेपर्यंत. दारात नुकताच पोचलेला आकाराम उभा होता, अंगावर कापसाचे तंतू तसेच. तो शालूकडं बघत होता आणि डोळ्यांनी विनवत होता.

"न्हाई येत," शालू म्हणाली. पुढचं वाक्य ओठापर्यंत आलं आणि तिथंच राहिलं.

डॉक्टरांनी स्वतःच पट्टा बांधला, आकडा बघितला आणि धावपळ सुरू झाली. सुया दिल्या. खोलीला पडदे लावले, अंधार केला. "आठ दिवस आधी हे दिसलं असतं," ते नर्सला म्हणाले, "तर काहीतरी करता आलं असतं. कार्डावर तर सगळं चांगलं आहे." कार्डावर सगळं चांगलं होतं. ते शालूचं होतं.

नर्स तानाच्या गालावर चापट्या मारत हाका मारत होती, "शालूबाई! ओ शालूबाई! डोळे उघडा!"

ताना डोळे उघडत नव्हती. त्या नावाला तिनं कधीच पहिल्या हाकेला ओ दिली नव्हती. नर्स वळली तेवढ्यात शालू वाकली, तिच्या कानाला तोंड लावलं आणि म्हणाली, "ताने. ए ताने. मी आक्का." तानाच्या पापण्या हलल्या. हे शालूनं बघितलं. दुसऱ्या कुणी बघितलं नाही. मग नर्सनं तिला बाहेर काढलं.

सकाळी सातला डॉक्टर बाहेर आले. आकारामच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "तुमच्या बायकोला वाचवता आलं नाही. बाळ पोटातच गेलेलं होतं." पिराजी चार हातांच्या अंतरावर भिंतीला टेकून बसला होता. त्याच्याकडं कुणी बघितलं नाही.

मढं घरी आणलं. शालू दोन जिवाची, म्हणून बायकांनी तिला मढ्याला हात लावू दिला नाही. सवाष्णीची ओटी भरायची होती, नेसवायला लुगडं पाहिजे होतं. तानाचं इरकल टांग्यात खराब झालेलं. शालूनं आपलं काढून दारातूनच आत दिलं. गिरणीची माणसं बातमी कळून सरळ मसणवाट्यात आली होती. मडकं धरायची वेळ आली तेव्हा आकारामनं पिराजीकडं बघितलं. पिराजी म्हणाला, "दादा, तुजी मानसं बगत्यात. तू धर." हे शालूला आकारामनंच पुढं पुष्कळ वर्षांनी सांगितलं.

रक्षाविसर्जनाच्या दिवशी गणपतराव जॉबर चार माणसं घेऊन दुखवट्याला आला. खात्यातल्या लोकांनी वर्गणी काढली होती, एकसष्ट रुपये. ते त्यानं आकारामच्या हातात ठेवले. आकारामनं खाली बघून घेतले. चहा पिराजीनं केला. कपबशा पिराजीनं दिल्या. देता देता तो तिथंच, सगळ्यांसमोर, हुंदके देऊन रडायला लागला.

गणपतराव म्हणाला, "आकाराम, तुजा भाऊ लई हळवा दिसतोय रं. भावजयीवर एवढी माया?"

"आईच्या जागी हुती त्येला," चिमणाबाई म्हणाली.

शालू आतल्या खोलीत अंधारात बसली होती. दिराचं रडणं ऐकून तिला राहवलं नाही. ती पाण्याचा तांब्या घेऊन उंबऱ्यात आली. गणपतरावानं वर बघितलं. त्याच्या हातातला कप तसाच राहिला. मेलेली बाई पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती.

चिमणाबाई चटकन म्हणाली, "ही तानी. धाकली. पिराजीची. भैनी-भैनी हायत न्हवं, तोंडावळा एकच."

"व्हय, व्हय," गणपतरावानं श्वास सोडला. "मी घाबारलोच की ओ. पिराजी, बायकूला जप बाबा. दोन जिवाची हाय."

पिराजीनं डोळे पुसले. शालूकडं एकदा बघितलं. "जपतो," तो म्हणाला आणि चप्पल न घालताच बाहेर पडला.

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात शालूच्या पोटात कळा सुरू झाल्या. विम्याच्या कार्डावर तिच्या नावावर काट मारून झाली होती. मेलेल्या बाईला त्या दवाखान्यात कोण घेणार? घरात गणपतरावानं दिलेले एकसष्ट रुपये तसेच होते, त्यांना कुणी हात लावला नव्हता. पिराजी फौंड्रीतून आला, उशीखालून ती चिठ्ठी काढली आणि आकारामपुढं धरली.

"पन्नास भरल्यात," तो म्हणाला. "परत देत न्हाईत त्या. ह्ये एकसष्ट घाल, बाकीचं मी उचल घेतो. वैनीला न्हे."

"आनि नाव?" आकारामनं विचारलं.

"हाय त्येच."

डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यात वेगळी खोली होती, पांढरी चादर होती, गरम पाणी होतं. बाई स्वतः उशाशी उभ्या राहिल्या. "तानाबाई, जोर करा," त्या म्हणाल्या. "शाब्बास तानाबाई." आणि शालू पहिल्याच हाकेला "व्हय" म्हणाली. सगळ्या कळांमध्ये ती त्या नावाला ओ देत राहिली. मुलगी झाली. बाईंनी वहीत लिहून घेतलं, आईचं नाव तानाबाई, बापाचं नाव पिराजी.

मुलगी शाळेत गेली ती त्याच नावांवर. पिराजीनं पुन्हा लग्न केलं नाही. तो इचलकरंजीला मागावर कामाला गेला, दिवाळीला यायचा, पोरीला फ्रॉक आणायचा आणि बाहेरच्या खोलीत झोपायचा. चिमणाबाई शेवटी अंथरुणाला खिळली तेव्हा सगळ्यांची नावं विसरली. शालूला ताना म्हणायची आणि म्हणायची, "मीठ घालू नगं गं." शालू तिला भात भरवायची आणि दुरुस्त करायची नाही.

आकारामला दोनदा वाटलं की कचेरीत जाऊन खरं सांगावं. दोन्हीदा शालूच म्हणाली, "ऱ्हाऊ दे. तिला माजं मरान मिळालं, मला तिचं बाळांतपन. आता कागद फाडून काय हुतंय?" पण दर सोमवारी तिचा हात आपोआप दंडावर जायचा आणि ती तिथं दाबून धरायची, पट्टा बांधल्यासारखा. पोरगी विचारायची, "आई, दुखतंय काय?" ती म्हणायची, "न्हाई. माझं सगळं बरं हाय."

विम्याच्या कचेरीतल्या कागदांत आणि नगरपालिकेच्या वहीत असं आहे की शालूबाई आकाराम चौगले ही बाळंतपणाआधी वारली. तसं नाही. वारली ती तिची धाकटी बहीण तानाबाई पिराजी चौगले, वय वीस, पोटातल्या आठ महिन्यांच्या बाळासकट, मंगळवारी, अठरा फेब्रुवारी एकोणीसशे पंचाहत्तर रोजी, सकाळी सात वाजता.